भावाला विमान देखभालीत नोकरी लागली आहे. दोन दिवसांचं सेफ्टी ट्रेनिंग पुरेसं असतं का?

ताई, तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "ट्रेनिंग झालं, रजिस्टरवर सहीसुद्धा घेतली, म्हणजे आता काळजीचं कारण नाही ना?" बाकी प्रश्नाचं उत्तर कुणीही देईल. मला त्या सहीबद्दल बोलायचंय. मी मुंबईत एका कंपनीत 29 वर्षं विमान देखभालीचा तंत्रज्ञ होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही.

दोन दिवस पुरत नाहीत. वर्गात बसवून दहा दिवस शिकवलं तरी पुरणार नाही. त्या दोन दिवसांत काय होतं ते मला पाठ आहे. बहुतेक वेळ जातो ह्युमन फॅक्टर्सवर, म्हणजे काम करताना माणूस कुठे आणि का चुकतो यावर. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमांमुळे त्याची उजळणी दर दोन वर्षांनी करावी लागते. 1993 साली कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी माणसाच्या हातून चुका का होतात याची बारा कारणं मांडली, त्यांची पोस्टर्स तुमच्या भावाच्या वर्गातही असतील. मग 1988 मधलं अलोहा एअरलाइन्सचं विमान दाखवतात, ज्याचं छत उडतानाच फाटून गेलं. 1990 मधलं ब्रिटिश विमान दाखवतात, ज्याच्या काचेचे 90 पैकी 84 बोल्ट कमी जाडीचे बसवले होते. हे सगळं शिकायलाच हवं, मी स्वतः नव्या मुलांना ते शिकवलंय. पण यात जपायचं असतं ते विमान आणि त्यात बसणारा प्रवासी. पंखाखाली, इंधनाच्या टाकीत, चाक आत जातं त्या खाचेत जो माणूस असतो त्याच्या डोळ्यांचं, कानांचं, फुप्फुसांचं काय, हा विषय दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी अर्ध्या तासात उरकतात. मग रजिस्टर फिरतं आणि सही होते.

मे 2004. आमच्या हँगरमध्ये एका विमानाच्या डाव्या पंखातून इंधन पाझरत होतं. पंख म्हणजेच टाकी, हे तुम्हाला भावाने सांगितलं असेलच. आत जाऊन जुनं सीलंट, म्हणजे गळती रोखणारा लेप, खरवडायचं, जागा पुसून कोरडी करायची आणि नवं भरायचं, असं काम. आत जाणार होता माझा जोडीदार. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. बारीक अंगाचा होता, म्हणून टाकीचं काम आलं की त्याचंच नाव निघायचं. पंखाच्या खालच्या बाजूला अंडाकृती तोंड असतं, जेमतेम दीड फूट लांब आणि रुंदीला त्याहून कमी. एक हात वर करून, खांदा तिरका घालून आत शिरावं लागतं. मी स्टँडबाय, म्हणजे बाहेर तोंडाशी बसणारा. आतल्याशी बोलत राहायचं, वेळ लिहायची आणि जागा सोडायची नाही. एवढंच काम.

सकाळी नऊला सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. टाकी रिकामी केलेली, आत हवा खेळवायला रात्रभर ब्लोअर लावलेला. गॅस मीटरवर ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या मधे आणि पेटणारी वाफ स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत निदान जेवढी वाफ असली की ती पेटू शकते त्या प्रमाणाच्या) 10 टक्क्यांच्या आत. परमिटवर, म्हणजे टाकीत शिरायच्या परवान्यावर, आकडे लिहिले, सह्या झाल्या. हवा पुरवणारे मास्क आमच्याकडे दोन होते, त्यातला एक दुरुस्तीला गेलेला आणि दुसरा उजव्या पंखावरच्या टीमकडे. म्हणून अण्णाने कार्ट्रिजचा मास्क लावला. कार्ट्रिजचा मास्क वाफ गाळतो, तीही ठरावीक वेळ. हवा तो देत नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही. ती माझी पहिली चूक, आणि ती मी कधी नाकारली नाही.

आता त्या नऊच्या आकड्यांचं सांगतो, कारण तुमच्या भावाला वर्गात हे कुणी नीट सांगणार नाही. मीटरचा आकडा खरा असतो तो मोजलेल्या घटकेपुरता. अकराच्या सुमारास अण्णा एमईकेत (मिथाइल इथाइल कीटोन, पुसायचं एक रसायन) भिजवलेली फडकी घेऊन पुन्हा आत गेला. जागा पुसायला ते लागतंच. एमईकेची वाफ हवेच्या अडीच पट जड. ती खाली बसते, आणि टाकीत खाली म्हणजे जिथे माणूस आडवा पडून काम करतो तिथेच. म्हणजे सकाळी जी टाकी स्वच्छ होती ती आम्हीच आपल्या हाताने पुन्हा घाण करत होतो, आणि परमिटवर आकडे नऊचेच. मे महिना, वर हँगरचा पत्रा. जेट इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, किमान 38 अंश ठरलेला असतो, आणि त्या पत्र्याखाली पारा त्याच्या आसपास पोचायचा.

साडेअकराला शिफ्ट इन्चार्ज आले. टूल स्टोअरमधून घेतलेला टॉर्क रेंच माझ्या टोकनवर होता. आमच्याकडे पद्धत अशी की भिंतीवरच्या खिळ्याला प्रत्येकाचं पितळी टोकन, ज्याचं टोकन त्यानेच हत्यार परत करायचं. दुसऱ्या टीमला तो रेंच हवा होता आणि जेवणाच्या सुट्टीसाठी स्टोअर बंद व्हायची वेळ झाली होती. साहेब म्हणाले, "जा, जमा करून ये, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हणालो, "अण्णा आत आहे." ते म्हणाले, "तो काय पळून जातोय का? जा." मी अण्णाला हाक मारली, "आलोच रे." तो आतून "हं" म्हणाला. मी गेलो.

स्टोअरमध्ये रांग होती. परतायला मला आठ मिनिटं लागली. या मधल्या वेळात रंगवाल्यांनी त्यांच्या कामाला एक्स्टेन्शन बोर्ड ओढून नेला होता आणि आमचा ब्लोअर बंद पडला होता. त्यांनाही माहीत नव्हतं त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला काय आहे. मी आलो तर ब्लोअरचा आवाज नाही. तो आवाज सतत कानात असतो, म्हणून तो नसणं मला लांबूनच कळलं. हाक मारली, उत्तर नाही. तोंडातून बॅटरी मारली तर अण्णाच्या बुटांचे तळवे दिसले, बाहेर वळलेले, सैल पडलेले.

मी आत घुसायला निघालो. डोकं आणि एक हात आत गेलाही होता. मागून कुणीतरी कमरेला मिठी मारून मला खाली खेचलं. आमच्या मजल्यावर झाडलोट आणि सामानाची ने-आण करणारा कंत्राटी हेल्पर होता, माणदेशातला, विशीतला पोरगा. तो ओरडत होता, "आत जाऊ नका, तुम्हीबी पडाल!" त्याच्या गावात विहिरीचा गाळ काढताना एक जण आत बेशुद्ध पडला होता, त्याला काढायला त्याचा सख्खा चुलता उतरला आणि दोघेही गेले. त्याने ते लहानपणी विहिरीच्या काठावर उभं राहून पाहिलं होतं. त्याने मला सोडलं नाही. त्यानेच धावत जाऊन ब्लोअरची वायर परत जोडली आणि उजव्या पंखाकडून हवेचा मास्क घेतलेला माणूस बोलावून आणला. त्या माणसाने आत जाऊन अण्णाच्या ओव्हरऑलचा पट्टा धरला, आम्ही चौघांनी बाहेर ओढला. अण्णा वाचला. तीन दिवस हॉस्पिटलात होता, महिनाभर डोकेदुखी होती, पण वाचला.

या पोराला ट्रेनिंग दिलेलं नव्हतं. कंत्राटी म्हणून त्याचं नाव रजिस्टरमध्येच नव्हतं. मला दिलं होतं, तीन वेळा. बंद जागेत बेशुद्ध माणूस दिसला तर मागोमाग शिरायचं नाही, हे मी परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. तरी त्या क्षणी मी आत शिरत होतो आणि त्याने ओढलं.

मग चौकशी झाली. तीन माणसांची समिती होती. अहवालातलं एक वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं: "प्रशिक्षित स्टँडबायने परवानगीशिवाय जागा सोडली." पुराव्यादाखल जोडलं होतं ट्रेनिंगचं रजिस्टर, माझ्या सहीसकट. साहेबांनी समितीसमोर सांगितलं की त्यांनी मला फक्त "जमलं तर जा" असं म्हटलं होतं. माझी एक वेतनवाढ थांबवली. हवेचा चालू मास्क एकच का होता यावर एक ओळ नाही. परमिट दुपारीही नऊच्या आकड्यांवर कसं चाललं यावर काही नाही. त्या हेल्परचा उल्लेखही नाही.

म्हणून सांगतो, ती सही कंपनीला वाचवते, तुमच्या भावाला नाही. "शिकवलं होतं, तरी त्याने केलं नाही" एवढं म्हणायची सोय त्या सहीने होते. मी जागा सोडली हे खरं. पण ज्या ट्रेनिंगमध्ये साहेबाला तोंडावर "नाही" कसं म्हणायचं आणि म्हटल्यावर काय होईल हे शिकवत नाहीत, त्यात स्टँडबायला काहीच शिकवलेलं नसतं. नियम मला येत होता. नियम धरून उभं राहायचं बळ माझ्यात नव्हतं आणि ते देणं कुणालाच आपलं काम वाटलं नव्हतं.

हे आमच्यापुरतंच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या अँबर्ली तळावर एफ-111 लढाऊ विमानांच्या टाक्यांचं जुनं सीलंट काढून नवं भरण्याचं काम 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 2000 पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. 2001 च्या चौकशी अहवालात चारशेहून अधिक माणसांच्या तब्येतीचं दीर्घकाळचं नुकसान झाल्याचं म्हटलं. माणसांपेक्षा विमानांना आधी मान दिला गेला, हे त्या चौकशीने स्पष्ट लिहिलं. ते वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसून होतो. कुणीतरी, कुठेतरी, सरकारी कागदावर हे लिहिलं होतं. आपल्याकडे 16 डिसेंबर 2015 ला मुंबईत पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलण्याच्या, वेळी सुरू इंजिनाने खाली उभ्या इंजिनिअरला ओढून घेतलं. जुलै 2019 मध्ये कोलकात्यात एक तरुण तंत्रज्ञ चाकाच्या खाचेजवळ काम करताना हायड्रॉलिक दारात अडकून मरण पावला. दोघेही उगाच तिथे गेले नव्हते, ते त्यांचं रोजचं कामच होतं.

भावाला काय सांगायचं ते आता सांगतो. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरला सगळ्यांसमोर विचारू दे: मी टाकीच्या तोंडाशी असताना मला बोलावलं तर माझ्या जागी कोण बसणार, त्याचं नाव परमिटवर कुठे लिहायचं? आतमध्ये एमईके किंवा दुसरं कुठलंही रसायन नेलं की मीटर पुन्हा लावायला सांगू दे. टाकीत न्यायचा दिवा 24 व्होल्टच्या वरचा नसावा, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. कुणी साधा हँडलॅम्प दिला तर घेऊ नको म्हणावं. चाकाच्या दाराखाली शिरण्याआधी दाराचं लॉक स्वतःच्या हाताने बसवावं. दुसऱ्याने "लावलंय" म्हटलं तरी हात लावून बघावं. स्कायड्रॉल हे जांभळं हायड्रॉलिक तेल डोळ्यात गेलं तर 15 मिनिटं सलग पाण्याची धार. म्हणजे आयवॉश कुठे आहे, त्यात पाणी आहे का, हे रोज शिफ्ट सुरू होताना बघायचं. आणि कानाची तपासणी नोकरीच्या पहिल्या महिन्यात करून तिची प्रत घरी ठेवायची. माझा उजवा कान आता निम्मा आहे. नोकरीला लागताना तो कसा होता याचा कागद माझ्याकडे नाही, त्यामुळे कुणाकडे मागायलाही काही नाही.

हे सगळं वाचून त्याला नोकरी सोडायला लावू नका. काम फार चांगलं आहे, मी पुन्हा जन्मलो तर हेच करीन. हल्ली बऱ्याच ठिकाणी हवेचे मास्क पुरेसे असतात, अंगावर लावायचा मीटर सतत मोजत राहतो आणि काही ठिकाणी कंत्राटी मुलांनाही वर्गात बसवतात. माझं मत 2004 मधल्या एका दुपारवर बेतलेलं आहे, तेव्हा भावाच्या कंपनीत प्रत्यक्ष काय आहे ते त्याने डोळ्यांनी बघून ठरवावं.

अण्णा आता गावी असतो, संगमेश्वरकडे. दर गणपतीला त्याचा फोन येतो, त्या दिवसाबद्दल त्याने कधी एक शब्द काढला नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वहिनींनी मात्र मला विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही तेव्हा कुठे होतात?" मी सांगितलं, रेंच जमा करायला गेलो होतो. तुमच्या भावाच्या जोडीदाराच्या घरच्यांनी असं कधी विचारलं, तर त्याला "मी तिथेच होतो" म्हणता यावं, म्हणून एवढं लिहिलं.