मोडातील प्रथिनांचे ‘विघटन’ की ‘अपघटन’?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे, की मोड येताना कडधान्यातील प्रथिनांचे ‘विघटन’ होते असे सांगितल्यावर ‘म्हणजे मोड कुजतात का?’ असा मुलांचा प्रश्न येतो. तेव्हा कोणता शब्द योग्य?

मुलांची शंका रास्त आहे. पाठ्यपुस्तकात बुरशी आणि जीवाणू ‘विघटक’ म्हणून भेटत असल्यामुळे विघटन म्हटले की कुजणेच डोळ्यांपुढे येते. येथे मात्र बाहेरचा कोणताही जीव लागत नाही. बी आपलाच साठा आपणच मोकळा करते.

बेळगावजवळच्या वडगाव-शहापूरच्या शिवारात भातानंतर पेरली जाणारी मसूरच पाहा. तिच्या दोन दलांतील पेशींमध्ये लेग्युमिन आणि विसिलिन ही प्रथिने सूक्ष्म पिशव्यांत दाटून भरलेली असतात. बी रुजू लागले की काही विकरे, म्हणजे एन्झाइम, प्रथिनांची लांब साखळी मधूनच तोडतात, आणि मग दुसरी विकरे त्या तुकड्यांच्या टोकांपासून एकेक अमिनो आम्ल सुटे करतात. प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, म्हणून रसायनशास्त्रातील नेमका शब्द ‘जलअपघटन’. अमिनो आम्लांतून सुटलेल्या नायट्रोजनचा बराच भाग अ‍ॅस्परजिन या अमिनो आम्लाच्या रूपाने वाढत्या कोंबाकडे जातो आणि तेथे नवी प्रथिने घडतात. मुगाची दले जमिनीवर येऊन सुकतात, मसुरीची मातीतच राहतात. रिकामी मात्र दोन्ही होतात.

तेव्हा वरच्या वर्गांत ‘साठ्यातील प्रथिनांचे अपघटन होते’ असे लिहावे. लहान मुलांना ‘प्रथिने सुटी होऊन कोंबाला मिळतात’ एवढे पुरे. ‘बी आपली प्रथिने पचवते’ हेही मला खटकत नाही, कारण आपल्या पोटातही जलअपघटनच होते.

खटकतो तो ‘मोड आणल्याने प्रथिने वाढतात’ हा शब्दप्रयोग, जो आपल्याकडे मोड आलेली मटकी आणि ‘मोळके काळू’ (कन्नडमध्ये मोड आलेली कडधान्ये) शेजारीशेजारी विकणाऱ्या बाजारातही सर्रास ऐकू येतो. श्वसनात पिष्ट खर्ची पडून सुके वजन घटते, त्यामुळे टक्केवारीत प्रथिनांचा वाटा थोडा वाढलेला दिसू शकतो. पण ओल्या फडक्यात बांधलेल्या मसुरीला जादा प्रथिनांसाठी लागणारा नवा नायट्रोजन मिळणार कोठून? त्या वाक्यात ‘वाढतात’ खोडून ‘पचायला सोपी होतात’ असे करावे.