जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घेऊन, मॉडिफाय करून हौशी रेसिंगमध्ये उतरायचं आहे. इंजिनाच्या कामाला साधारण किती खर्च येईल?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. "इंजिनाला किती?" हाच प्रश्न 2013 साली आमच्या घरात निघाला होता, आणि त्यापायी दाजी आणि मी आजही एका गाडीत बसत नाही.

आधी गाडीचं बोलू. अल्फा रोमिओ, लान्शिया ही मोठ्या शेठलोकांच्या गॅरेजातली कामं. सोलापुरात बसून परवडणारी जुनी इटालियन म्हणजे पद्मिनी. हसू नका. 1953 ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली फियाट 1100 हीच तिची आई. त्याच गाडीचं टीव्ही मॉडेल, म्हणजे तुरिस्मो व्हेलोचे, इटलीतल्या मिल्ले मिल्या या रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळालेलं आहे. कुर्ल्याला 1964 पासून ती डिलाइट म्हणून बनली, मग पद्मिनी झाली. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर या फियाटी वर्षानुवर्षं रेसला उतरत होत्या. टॅक्सी म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही.

माझी 1978 ची, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली (कॉलम गिअर), वडिलांच्या मागे अंगणात उभी होती. 1089 सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हातात पैसे मोजकेच. मी म्हणत होतो, आधी ब्रेक करू. चांगले लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे), ब्रेक ऑइलच्या नवीन होज म्हणजे नळ्या, ड्रमला हवा लागेल अशी सोय. दाजी म्हणाले, "ब्रेक कशाला लागतंय बे? थांबायला चाललास का पळवायला?" ताईसमोर दाजींना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. सगळे पैसे इंजिनात गेले. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, घासून कॉम्प्रेशन वाढवलं, व्हॉल्व्ह बसवून घेतले, कार्बोरेटरचे जेट बदलले. ब्रेकला काय मिळालं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे पार्ट बनवणाऱ्या एका ओळखीच्या लेथवर ड्रमला टर्न मारून घेतला आणि बाजारातले साधे लायनर चिकटवले. झालं.

चेन्नईला चादरी घेऊन निघालेल्या ट्रकमागे दुसऱ्या ट्रकवर गाडी चढवली. श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, सुमारे 3.7 किलोमीटरचा. ट्रॅक डे होता, हेल्मेट घालून ठरावीक वेळ फेऱ्या मारायच्या. रेस म्हणवत नाही, पण पोटात गोळा रेसचाच. इंजिन, खोटं कशाला बोलू, सुरेख पळत होतं. सरळ पट्ट्यावर काटा शंभरच्या पुढे गेला तेव्हा मी एकटाच गाडीत ओरडलो.

चौथ्या फेरीला वळणाआधी पाय दाबला. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी तशीच पुढे. जळक्या लायनरचा वास काचेतून आत. दोन्ही पायांनी दाबलं, तिसऱ्यावरून दुसरा गिअर मारला, तो कर्र करून बसला, आणि गाडी ट्रॅक सोडून मातीत जाऊन थांबली. मार्शल आला तोवर मी स्टिअरिंग धरूनच बसलो होतो.

आता मुद्दा. दाजींनी तिथेच निकाल दिला: "ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या लाइनीतली हवा काढताना, आत हवा ठेवलीस तू." गेली कित्येक वर्षं प्रत्येक जेवणात तेच. पण हवा राहिली असती, किंवा ब्रेक ऑइल उकळलं असतं, तर पेडल भसकन फरशीला टेकलं असतं. माझं पेडल कडक होतं. पेडल कडक आणि पकड शून्य, याचा अर्थ लायनर तापून गुळगुळीत झाले, दुसरं काही नाही. हिशेब करा. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 80 ऐवजी 110 वरून थांबवायचं तर ड्रमला जवळजवळ दुप्पट उष्णता खायची असते, आणि ड्रमच्या आत हवा खेळत नाही. इंजिन वाढवणं म्हणजे ब्रेकवर ओझं टाकणं, इतकं साधं आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, इंजिनाच्या खर्चाचं नंतर विचारा. माझे तेव्हा हेड, व्हॉल्व्ह, कार्बोरेटर मिळून चौदा हजार गेले, आज किती ते लेथवालाच सांगेल. हेड घासताना हात आखडा. अ‍ॅल्युमिनियमचं आहे, जास्त घासलं तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरचं गणित बिघडतं. आणि सोलापूरच्या उन्हात मेमध्ये ट्युनिंग करूच नका. बोनेट तापलं की फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद पडते, मग पंपावर ओलं फडकं ठेवून विजापूर नाक्यावर उभे राहता. आमचं फडकं वडिलांच्या धोतराचं होतं.

राहिलं ते: 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट क्लबांच्या महासंघाचं, लायसन्स लागतं. हे सुरुवातीला लिहायला हवं होतं.

आणि दाजींचं एक खरं, मी ब्रेक लवकर धरतो आणि उगाच धरून ठेवतो. पण त्याने लायनर तापतात, लाइनीत हवा शिरत नाही.

दाजी हे वाचतील, भाच्याने दाखवलंच असेल. पुढचे दोन्ही ड्रम माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेत. आतून निळे पडलेत, गोल-गोल डाग. रविवारी या, ताईलाही आणा.