मिस, हे कुणाला सांगणार नाही ना?

"मॅडम, एवढंच सांगा, हे दाखल्यावर येणार का?"

मुलाला समुपदेशनाला पाठवायचं ठरलं की बहुतेक आया आधी हेच विचारतात. मुलाला काय होतंय, हे नंतर. मी नाशिकमधल्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे. उत्तर सरळ आहे: नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण असे रकाने असतात, समुपदेशनाचा नसतो. माझ्या नोंदी माझ्या कपाटात, कुलपात राहतात.

आजोबांची काळजी वेगळी असते. "सिस्टर लोक पोराला प्रार्थनेला बसवतील." राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. आमच्याकडे कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला, जातात तेव्हा बाकीची मूल्यशिक्षणाच्या तासाला बसतात, आणि माझ्या खोलीत यातलं काहीच होत नाही. (असं विचारणारे एक आजोबा फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत मेणबत्ती लावून आले होते. ते वेगळं, म्हणाले.)

खरा अवघड प्रश्न मुलांचा असतो, तो म्हणजे या लेखाचं शीर्षक. त्याचं उत्तर 'नाही' एवढंच देऊन भागत नाही. एका नववीतल्या मुलामुळे हे नीट सांगता येईल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबाग सांभाळायला. आई दोन मुलांच्या शाळेसाठी शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये. अशी घरं आमच्याकडे कितीतरी आहेत. मुलगा पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा, नाहीतर पोट दुखतंय म्हणून सिक रूममध्ये जाऊन पडायचा. वर्गशिक्षिकेला वाटलं, मोबाइलचं वेड. तसं ते मोबाइलचंच होतं, पण गेमचं नव्हतं.

पहिल्याच भेटीत मी प्रत्येक मुलाला सांगते: तू इथे बोलशील ते मी आईला, सिस्टरना, टीचरना जाऊन सांगणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मी गप्प बसणार नाही. आणि कुणाला सांगायचं झालं तर आधी तुला सांगेन.

"म्हणजे कन्फेशनसारखं नाही?" त्याच्या बाकावरचा मित्र कॅथलिक, त्याच्याकडून ऐकलेलं.

"नाही. कन्फेशनमधलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. मी फादर नाही." मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. तिथे माझ्या मर्जीचा प्रश्नच नसतो.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. आधीच मर्यादा सांगितल्या तर मूल तोंडच उघडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभव उलटा आहे. हा मुलगा दोन भेटी क्रिकेटवर बोलला. तिसऱ्या भेटीत सिटीलिंक बसच्या तिकिटाची घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत त्याने विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या म्हणजे... घरातल्यांच्या पण?"

मी सांगितलेल्या अपवादातच त्याला बोलायला जागा सापडली होती. कुणीतरी मोठ्याने काहीतरी करावं, हेच त्याला हवं होतं.

व्यापारी बागेतला माल घेऊन गेला, दिलेला चेक वटला नाही, आता फोनही लागत नव्हता. वडील रात्री आईला फोनवर म्हणाले, "आता जगून तरी काय करू." भिंतीपलीकडे हा जागा होता. तेव्हापासून आई झोपली की तिचा मोबाइल घेऊन तो व्हॉट्सॲपवर पप्पांचं 'लास्ट सीन' बघायचा. बाराला दिसले, एकला दिसले, म्हणजे आहेत. मग दीडला पुन्हा.

"हे मला ठेवून घेता येणार नाही," मी म्हटलं. "पहिल्यांदा कुणाला सांगू या?"

"आईला नको, ती रडेल. मामाला."

मामा अंबडला कंपनीत. शिफ्ट संपवून त्याच संध्याकाळी आला. आईलाही त्याच दिवशी सांगितलं, पण मामा शेजारी बसलेला असताना. मामा रात्रीच गावी गेला आणि तिथेच राहिला. मी त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला होता. 2022 पासून तो चालू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. वडील काही स्वतःहून फोन करणारे नव्हते. मामाने लावला आणि हातात दिला. पुढे सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दोघं मिळून गेले.

शाळेत काय सांगितलं? मुख्याध्यापक सिस्टरना एवढंच: घरी पैशांची मोठी ओढाताण आहे, जरा सांभाळून घेऊ. त्यांनी एकच विचारलं, "फी थकलीय का?" आणि हप्ते करून दिले. वर्गशिक्षिकेला सांगितलं, महिनाभर पहिल्या तासाला त्याला उभं करू नका. त्यांना अजून जाणून घ्यायचं होतं. तळमळ खरीच होती, पण स्टाफरूममधल्या चहाबरोबर निघालेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात पोचते, हे मला ठाऊक आहे. त्यापुढे मी काही बोलले नाही.

मुलाबरोबर नंतर एकाच गोष्टीवर काम चाललं. पप्पांवर रात्री नजर ठेवायची पाळी आता मामाची, तुझी नाही. हे त्याला मामाच्या तोंडून ऐकवलं, माझ्या नाही. मोबाइल आईच्या उशाखाली गेला. तरी झोप लगेच आली नाही, चाचणीत गणित गेलंच. मार्च संपताना मात्र पोटदुखी थांबली होती आणि तो पहिल्या तासाला नुसता कंटाळायला लागला होता, चारचौघांसारखा.

परवा मामा स्वतःच्या कामाने आला. त्याची मुलगी दुसऱ्या शाळेत आहे, तिथे असं कुणी नाही. त्याला सांगितलं: सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर शाळेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, आणि लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. पालकसभेत हे लेखी विचार, तोंडी नको. त्याने कागद मागितला आणि तिथेच बसून अर्ज लिहायला घेतला.