भेट बाराजणांना एकच, पण स्वयंपाकघरात जाणारी नको

आक्का,
आम्ही बेळगावच्या कॅम्पात राहतो. घरात सासूबाई, थोरले दीर-जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची दोन. नाताळला पुण्याहून ताई (माझ्या नणंद), दाजी आणि त्यांची मुलगी येतात, ते एक तारखेपर्यंत राहतात. म्हणजे बाराजण. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. बोनस दिवाळीतच संपला, भेटींसाठी माझ्याकडे दोन हजार आहेत. गेल्या वर्षी मी सगळ्यांना स्टीलचे डबे दिले आणि ताईंनी प्रत्येकाला चांगल्या दुकानातले कपडे आणले. कुणी काही बोललं नाही, पण मला तोंड वर करवेना. यंदा सगळ्यांना मिळून एकच भेट द्यावी असं मनात आहे. जाऊबाई म्हणतात, वर्गणी काढून एअर फ्रायर घेऊ. सासूबाई म्हणतात, बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोकसुद्धा रिकाम्या हातांनी आले नव्हते, प्रत्येकाच्या हातात काहीतरी पडायला हवं. एकच भेट दिली तर मी चिक्कू ठरेन का?
– मधली सून

मधल्या सूनबाई,

आधी सासूबाईंचं घेऊ, कारण त्यांनी थेट शास्त्रच काढलंय. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय त्यांच्याच बायबलमध्ये उघडा आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. मागी किती होते हे तिथे लिहिलेलं नाही. दानं तीन, म्हणून माणसं तीन, हा आपला अंदाज. ते सगळे मिळून आले, एका घरात गेले आणि सोनं, ऊद, गंधरस एकाच बाळापुढे ठेवलं. योसेफाला वेगळं पाकीट, मरियेला वेगळं, असं काही झालं नाही. वर्गणीच्या भेटीला याहून जुना दाखला मला माहीत नाही. सासूबाई हसतील आणि विषय निम्मा तिथेच सुटेल.

आता हिशेब. दोन हजारांचे बारा वाटे केले तर माणशी १६६ रुपये. तेवढ्यात खडे बाजारात जे मिळतं ते जानेवारीत माळ्यावर जातं. एकच भेट हा तुमचा विचार बरोबर आहे. चिक्कू ठरण्याची भीती कशी घालवायची ते पुढे सांगते.

जाऊबाईंच्या एअर फ्रायरवर मात्र माझा सरळ नकार. तो वाईट असतो म्हणून नव्हे. 'घरासाठी' म्हणून घेतलेली वस्तू बघा कुठे जाऊन बसते: मिक्सर, ओव्हन, इडलीचा मोठा कुकर. घराला दिलेली भेट स्वयंपाकघरात जाते आणि स्वयंपाकघरात तुम्ही दोघी जावा उभ्या असता. मग दाजी सोफ्यावरून विचारणार, "आज त्यात काय करताय?" बाराजणांची भेट आणि राबणाऱ्या दोघी! म्हणून काहीही घेण्याआधी एवढंच विचारा: हे वापरल्यावर धुणार कोण, आवरणार कोण? उत्तर 'मी' असेल तर ती वस्तू दुकानातच राहू द्या.

माझ्या मनातली भेट सासूबाईंच्या ट्रंकेत आहे. जुने फोटो. प्रत्येक घरात असतात आणि प्रत्येक घरात खराब होत असतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम आठवतात ना? त्यांचा गोंद फोटो पिवळे करतो. फोटो निघत नसेल तर ओढू नका, फाटेल. पानासकट खिडकीजवळ ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका, फ्लॅश बंद करून मोबाईलने वरून सरळ फोटो घ्या. सुटे फोटो स्टुडिओत नेऊन स्कॅन करून घेतलेले बरे. एकूण तीस निवडा. तीसच. शंभर घेतले की कुणी बघत नाही. सासऱ्यांचा कामावरचा, ताईंचा शाळेतला, लग्नातला एक (लग्नातले शंभर असतात, मोह आवरा), जुन्या घराच्या दारातला, चर्चच्या पायऱ्यांवरचा. या तिसांच्या तीन प्रती काढा, तिन्ही घरांना एकेक. तुम्ही आणि जाऊबाई एकाच छताखाली असलात तरी अल्बम वेगळा द्या, पुढे वाटणीच्या वेळी वाद नको. एका प्रिंटला पंधरा रुपये धरले तर नव्वद प्रिंटचे १३५० होतात. उरलेल्यात तीन साधे अल्बम बसतात. तुमचे दोन हजार इथेच संपतात आणि सत्कारणी लागतात.

पण नुसता अल्बम अर्धाच. फोटोतली माणसं ओळखणारं माणूस घरात आहे तोवरच त्या फोटोंना अर्थ आहे. २५ तारखेला उपासना आणि जेवण झालं की सासूबाईंना मध्ये बसवा, अल्बम उघडा आणि नावं विचारा. एका नातवाने मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा, दुसऱ्याने फोटोच्या मागे कडेला नाव लिहायचं. मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. "ही कोण?" "ती तुझ्या आजोबांची आत्या, नंदगडला दिलेली." अशी तीन तास माणसं निघत राहतील. सगळ्यांच्या हातात काहीतरी पडायला हवं म्हणणाऱ्या सासूबाईंच्याच हातून सगळ्यांना मिळेल.

आता मुलं. त्यांच्याबाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची. एकत्र भेटीचं शहाणपण मोठ्यांचं असतं, सात वर्षांच्या पोराला कागद फाडायचा असतो. घरातल्या पाचही मुलांना पन्नास-साठ रुपयांत एकेक लहान पाकीट करा, सगळ्यांना सारखं. हे अडीचशे-तीनशे जाऊबाईंकडून येऊ देत. एअर फ्रायरला पैसे काढणारच होत्या.

आणि मुलांना खरी मजा हवी तर ती आपल्या कॅम्पात फुकट आहे. पुण्याच्या भाचीला ३१ डिसेंबरचा ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा जाळायचा पुतळा, कुठे बघायला मिळतोय? विकत आणू नका, घरीच करा. दाजींची जुनी पॅन्ट, दिरांचा फाटका शर्ट, आत गवत आणि रद्दी, डोक्याला कागदाचा मुखवटा. चार दिवस पाच मुलं गुंतून राहतात, दुसरं काय पाहिजे? दोन गोष्टी मात्र बघा. कपडे सुती घ्या, टेरिकॉट वितळून ठिबकतं. आणि पोटात फटाके भरायचे नाहीत, गल्लीतली मोठी पोरं कितीही म्हणाली तरी. जळताना लहानांना दहा हात लांब ठेवा आणि पाण्याची बादली दारातच असू द्या.

वस्तूच घ्यायची असं घरच्यांनी धरलंच, तर कॅरम. तिन्ही घरांची वर्गणी काढा, तुमच्या एकटीच्या दोन हजारांत ओढाताण होईल. मुलांसाठी मिळतो तो पातळ प्लायचा छोटा बोर्ड घेऊ नका, वर्षभरात मध्ये वाकतो. पूर्ण मापाच्या बोर्डचं खेळायचं मैदान साधारण ७४ बाय ७४ सेंटिमीटर असतं. दुकानातच पट्टी आडवी ठेवून फट दिसते का बघा आणि स्ट्रायकर मारून तो कडेवरून जोरात परत येतो का तेही बघा. सोंगट्या मोजून घ्या: नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. पावसाळ्यात आपल्या भिंतींना ओल येते, तेव्हा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवू नका. कपाटामागची कोरडी जागा बघा.

वाकळ मला सगळ्यांत आवडली असती. प्रत्येकाचा एक जुना कपडा, सासऱ्यांचं धोतर, सासूबाईंचं लुगडं, मुलांचे फ्रॉक, आणि गावाकडच्या एखाद्या बाईकडून मजुरी देऊन शिवून घ्यायची. पण तुमचं पत्र नोव्हेंबरच्या शेवटी आलंय. हाताने शिवायची वाकळ एवढ्या दिवसांत होणार नाही आणि कुणाला घाई करून शिवायला लावणं बरं नव्हे. कपडे मात्र आतापासून बाजूला काढत राहा. उन्हाळ्यात शिवायला द्या, पुढच्या नाताळला तयार असेल.

एक दिवस बाहेर जायचं असेल तर खानापूरजवळचं असोगा. मलप्रभेचा काठ आहे, खडक आहेत, सावली आहे. २६ तारखेला बसला गर्दी, त्यामुळे एक-दोन दिवस सोडून निघा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत आपल्या कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही, तेव्हा सासूबाई, जाऊबाई, तुम्ही आणि मुली ओळखपत्र दाखवून फुकट. ताईंचं आधार पुण्याचं, त्यांना तिकीट काढावं लागणार. त्यावरून घरात दोन दिवस चेष्टा चालेल, तीही भेटच समजा. खानापुरातून पुढे रिक्षा करा. पाण्यात मुलांना सोडू नका, खडक निसरडे असतात. आणि डबे दीर आणि दाजींनी भरायचे, हे निघायच्या आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर ठरवा. नाहीतर पहाटे पाचला पुऱ्या लाटायला तुम्हीच उठणार.

चिक्कू ठरण्याचं राहिलं. माणूस चिक्कू ठरतं ते पाकीट उघडल्यावर, आधीच सांगितलं की ठरत नाही. ताई तिकडे बाराजणांची खरेदी करून बसल्या आणि तुम्ही अल्बम पुढे केलात, तर गेल्या वर्षीचंच पुन्हा. म्हणून या आठवड्यातच फोन करा. तुम्ही नको, सासूबाईंनी करायचा. आईने लेकीला सांगितलं तर ती घरची पद्धत होते, भावजयीने सांगितलं तर ती पैशाची अडचण होते. आणि नुसतं "काही आणू नको" म्हणायचं नाही, त्याने माणूस दुखावतं. त्यांना काम द्या: "यंदा घरासाठी एकच भेट करतोय, तुझ्याकडचे लहानपणचे फोटो हुडकून दाजींच्या मोबाईलवरून पाठव, पंधरा तारखेच्या आत." मागून दोन मिनिटांनी तुम्ही फोन घ्या आणि फक्त विचारा, "ताई, तुमचा तो दोन वेण्यांचा शाळेतला फोटो तुमच्याकडेच आहे का?" ताईंना कळेल की ही त्यांच्याशी बरोबरी करत नाहीये.

तरी त्या कपडे घेऊन आल्याच, तर घ्या, घाला, आणि "ताई, कशाला एवढं" हे वाक्य एकदाच म्हणा. त्यांना देण्याची हौस असेल, तुम्हाला खाली बघायला लावायची नसेल. गेल्या वर्षी कुणी काही बोललं नाही असं तुम्हीच लिहिलंय. माझ्या मते तोंड वर करू नका असं तुम्हाला त्या घरात कुणीच सांगितलेलं नाही.

दोन तारखेला ताई निघतील तेव्हा बॅगेत अर्धा किलो कुंदा ठेवा. तो एकट्या त्यांचाच, दाजींनी रस्त्यात मागितला तर त्यांनी काय ते ठरवावं.

– आक्का