वाचकांचे प्रश्न : रायफलीचा दस्ता घरी बसवताना

या वेळचे बहुतेक प्रश्न अमेरिकेतल्या वाचकांचे आहेत. स्वतःच्या शिकारी रायफलीला नवा लाकडी दस्ता घरच्या घरी बसवणं हा तिथला जुना छंद आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करता येत नाही, म्हणून इथल्या वाचकांनी बंदुकीचं असं काम परवानाधारक कारागिराकडेच न्यावं. शेवटचा प्रश्न छऱ्याच्या बंदुकीचा, इथलाच आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरली आहे: हत्यार रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं आहे, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवलेला आहे आणि काडतुसं त्या खोलीतच नाहीत.

प्रश्न (मिनेसोटा): रेमिंग्टन ७०० साठी ९५ टक्के कोरून आलेला अक्रोडाचा दस्ता घेतला. ॲक्शनला (नळीमागच्या, बोल्ट सरकतो त्या पोलादी भागाला) काळा रंग लावून बसवतो, काढतो, लाकडावर उमटलेले डाग खरवडतो. आता खाचेत सगळीकडेच काळं दिसतं आणि ॲक्शन अजून २ मिमी वर आहे. पुढे कुठे कोरायचं?

सगळीकडे काळं दिसतं तेव्हा बहुधा रंग जाड लागलेला असतो किंवा ॲक्शन तिरकी आत-बाहेर होत असते. रंगाचा थर इतका पातळ हवा की खालचं पोलाद दिसत राहील. जुन्या टूथब्रशने थोपटून लावा आणि दर वेळी नवा रंग न घालता आधीचाच पसरवा.

तिरकेपणा जास्त नडतो. मागची बाजू आधी उचलून ॲक्शन काढली की भिंतींना रंग पुसला जातो. ते डाग खरे समजून खरवडले की खाच रुंद होते, कडेला फट दिसू लागते आणि ॲक्शन मात्र केसभरही खाली जात नाही. खरा डाग दाबल्यामुळे चकचकीत आणि कडेला स्पष्ट असतो. पुसलेला डाग फिकट, रेघारेघांचा दिसतो. तिरपा उजेड टाकून पाहिलं की फरक लगेच कळतो.

यावर इलाज म्हणजे बिनडोक्याचे लांब मार्गदर्शक स्क्रू. ते ॲक्शनमध्ये पिळून दस्त्याच्या भोकांतून खाली सोडले की ॲक्शन सरळच उतरते आणि सरळच वर येते. रेमिंग्टन ७०० ला पाव इंच व्यासाचे, इंचाला २८ आट्यांचे स्क्रू लागतात. मॉझर ९८ ला २२ आटे आणि विंचेस्टर मॉडेल ७० ला ३२. व्यास सारखाच असल्यामुळे चुकीचा स्क्रू सुरुवातीला आत जातोसा वाटतो. जोर लावला तर ॲक्शनचे आटे जातील.

आता कोरण्याचा क्रम. आधी तळ आणि नळीची खाच, मग गरज पडली तरच भिंती. रिकॉइल लग, म्हणजे धक्का पेलणारा पोलादी कान, ज्या भिंतीवर टेकतो तिला सर्वांत शेवटी हात लावा. तिथून जास्त लाकूड गेलं की ॲक्शन मागे सरकते, स्क्रूची भोकं जुळत नाहीत आणि परतीची वाट राहत नाही. पटाशी दाढी होईल इतकी धारदार हवी. खाचेच्या टोकाला आधी रेषांना आडवा काप द्या, म्हणजे चिरफळी पुढे धावणार नाही. नळीच्या खाचेत गोल दांड्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर चालतो. ॲक्शनच्या खाचेत तो वापरू नका, कडा गोल होतात. नळी किंवा गोल ॲक्शन निम्म्या व्यासापेक्षा खोल कधीच नेऊ नका. वरच्या भिंती आत झुकल्या की उतरलेली ॲक्शन बाहेर निघणार नाही.

शेवटच्या २ मिमीला आधीच्या सगळ्या कामाइतका वेळ लागतो. तो द्यावाच. इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने) भरून काढू म्हणून ढिली खाच सोडली की ॲक्शन ठरल्या जागी, ठरल्या उंचीवर बसवायला आधारच उरत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): बेडिंगसाठी (ॲक्शनखाली तिच्या आकाराचा इपॉक्सीचा थर देण्यासाठी) कोणती इपॉक्सी घ्यावी? किती लाकूड काढावं?

पुट्टीसारखी घट्ट, पोलादमिश्रित इपॉक्सी नवख्या हाताला सोपी, कारण ती ओघळत नाही. डेव्हकॉनच्या प्लास्टिक स्टील पुट्टीचं प्रमाण आकारमानाने अडीचास एक, वजनाने नऊस एक. अॅक्राग्लास जेल समप्रमाणात, तर मूळची पातळ अॅक्राग्लास चारास एक. प्रमाण चुकलं की काही भाग कायम चिकट राहतो, आणि जास्त हार्डनर घातल्याने तो कडक होत नाही. ढवळताना भांड्याच्या कडा खरवडून घ्या. खोली २० ते २५ अंश सेल्सिअस असू द्या.

लाकूड दोनच ठिकाणी काढायचं: लगच्या मागे व ॲक्शनच्या पुढच्या भागाखाली, आणि शेपटीखालच्या (ॲक्शनच्या मागच्या निमुळत्या टोकाखालच्या) स्क्रूभोवती. खोली २ ते ३ मिमी पुरे. मात्र या जागांमध्ये मूळ कोरलेल्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या तशाच ठेवा, कारण ॲक्शनची उंची त्याच ठरवतात. अॅल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती दस्त्यात बसवायच्या नळ्या) बसवत असाल तर आतलं भोक सुमारे ८ मिमी हवं. पाव इंची स्क्रू पिलरच्या भिंतीला कुठेच टेकता कामा नये, नाहीतर धक्का लगऐवजी स्क्रू खातो.

लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि खाली पीव्हीसी टेपचा एक थर लावा. मागची बाजू उघडीच ठेवा, टेकायचं तिथेच आहे. दस्त्याच्या पुढच्या टोकाजवळ नळीवर टेपचे वेढे देऊन ती खाचेच्या मध्यावर आणा. स्क्रू आवळून बेडिंग करू नका. दाबाने वाकलेली ॲक्शन त्याच वाकड्या आकारात कायमची बेड होते. मार्गदर्शक स्क्रूंनी दिशा द्या आणि रबरी पट्टीने हलकी बांधा. बाहेर आलेली ओली इपॉक्सी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा.

प्रश्न (कॅलिफोर्निया): बेडिंगनंतर ॲक्शन दस्त्यातून निघतच नाही.

आधी टेप, रबर आणि सगळे स्क्रू निघाले आहेत ना ते पाहा. मग संपूर्ण दस्ता काही तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा. पोलाद, लाकूड आणि इपॉक्सी वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे पकड सुटते. बाहेर काढल्यावर नळीला खालून रबरी हातोडीने टिचक्या मारा, ॲक्शन सरळ वर येईल अशा बेताने. नळी तरफेसारखी उचलू नका.

तरीही न निघाल्यास बहुधा इपॉक्सी पोलादाला चिकटू नये म्हणून लावलेला मेणाचा थर चुकलेला नाही, इपॉक्सी एखाद्या भोकात शिरून कुलूप झालं आहे, असं समजा. ट्रिगर काढूनच बेडिंग करायचं असतं. ट्रिगरच्या पिनांची भोकं, बोल्ट स्टॉपची फट आणि मॅगझिनची पोकळी मुलांच्या खेळातल्या मातीने, म्हणजे प्लॅस्टिसीनने, काठोकाठ भरून वरून सपाट करायची असते. मेण पॉलिश दोनदा लावून प्रत्येक थर वाळू द्यावा, स्क्रूच्या आट्यांनाही लावावा. कुलूप पक्कं असेल तर जोर करू नका, बंदूक कारागिराला दाखवा. तो गरम करून इपॉक्सी मऊ करेल.

प्रश्न (टेक्सास): मॉझर ९८, .३०-०६. नव्या दस्त्याला शेपटीच्या मागे, मनगटाच्या (दस्त्याच्या मुठीजवळच्या बारीक भागाच्या) दिशेने तडा गेला. लाकूड खराब होतं का?

लाकडाची रेषा मनगटातून तिरकी बाहेर जात असेल तर लाकडाचाही दोष आहे. पण या जागेचा तडा जवळजवळ नेहमी बसवणुकीतून येतो. लग मागच्या भिंतीला टेकलेला नसेल तर प्रत्येक धक्क्याला ॲक्शन मागे येते आणि तिची निमुळती शेपटी पाचरीसारखी मनगट फोडते. शेपटीच्या मागे अर्धा मिमी फट ठेवा. तिथे लाकूड घट्ट भिडलेलं दिसायला सुंदर असतं, पण टिकत नाही.

दुरुस्तीसाठी तडा हलकेच उघडून पातळ इपॉक्सी आत जिरवा, शिकंज्यात दाबून वाळवा, मग लग नीट बेड करा. लग तसाच ठेवला तर तडा पुन्हा जाईल.

प्रश्न (इलिनॉय): स्क्रू कमी-जास्त आवळले की गोळ्यांची जागा बदलते.

ॲक्शनवर ताण आहे. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं घड्याळासारखं उपकरण) दस्त्याच्या पुढच्या टोकावर बसवून त्याची सुई नळीवर टेकवा. एक स्क्रू पूर्ण आवळलेला ठेवून दुसरा सोडा. सुई ०.०५ मिमीच्या आत हलली तर बेडिंग चांगलं. ०.१२ मिमीच्या पुढे गेली तर पुन्हा करा.

त्याआधी मॅगझिनचा डबा पाहा. सर्व स्क्रू आवळल्यावरही तो वर-खाली किंचित हलला पाहिजे. ॲक्शन आणि दस्त्याखालची धातूची पट्टी यांच्यात डबा चिरडत असेल तर स्क्रू बेडिंगवर नव्हे, डब्यावर आवळले जातात. डब्याची वरची कड अर्धा मिमी कानसली की दोष संपतो. आवळण्याचा जोर पिलर नसलेल्या लाकडात साधारण ४.५ न्यूटन मीटर, पिलर असतील तर ७ च्या आसपास. बोल्ट बंद करताना त्याची मूठ लाकडाला टेकत नाही ना आणि सेफ्टी मोकळेपणाने चालते ना, हेही तपासा.

प्रश्न (सातारा): परवाना न लागणाऱ्या ४.५ मिमी स्प्रिंगच्या छऱ्याच्या बंदुकीला सागाचा दस्ता केला. स्क्रू सतत ढिले होतात. इथेही लग बेड करायचा का?

या बंदुकीला लग नसतो. पिस्टन पुढे धावताना बंदूक मागे येते आणि पिस्टन थांबताना पुढे झटकते, त्यामुळे दोन्ही दिशांचा मार स्क्रूंवर पडतो. स्क्रूच्या डोक्याखालचं लाकूड दबतं आणि मग स्क्रू सैल होतो. डोक्याखाली पोलादी वाटीसारखे वॉशर द्या आणि स्क्रूच्या भोकांत धातूच्या नळ्या इपॉक्सीने बसवा. ॲक्शनच्या मागच्या टोकाशी पातळ बेडिंग केलं तर फायदा होतो. पुढच्या खाचेत कॉकिंगची (स्प्रिंग दाबणारी) दांडी लाकडाला घासता कामा नये.

साग तेलकट असतो, इपॉक्सी त्यावर नीट धरत नाही. लावण्याच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसा. काम झाल्यावर खाचेच्या आतल्या आणि बट प्लेटखालच्या (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखालच्या) उघड्या लाकडालाही बाहेरच्याइतकंच तेल किंवा वॉर्निश द्या. सातारच्या पावसाळ्यात ओल शिरते ती याच जागांतून.