न्गोरोन्गोरो विवरात एका दिवसात कोणते प्राणी आणि कोणती झाडे दिसतात? जिराफ दिसेल का?

जिराफाचे आधी सांगतो, कारण त्याच्या आशेने येणाऱ्यांची निराशा होते: विवराच्या तळाशी जिराफ नाहीत. कडे फार उभे आहेत आणि जिराफाला लागणारा झाडपाला खाली पुरेसा नाही, अशी कारणे दिली जातात. टांझानियातील हा ज्वालामुखी वीसपंचवीस लाख वर्षांपूर्वी आत कोसळला आणि सुमारे ६०० मीटर खोल, २६० चौरस किलोमीटर तळाचे हे विवर तयार झाले. तळ बहुतांशी उघडे गवताळ रान असल्यामुळे रानटी म्हशी, वाइल्डबीस्ट, झेब्रे आणि त्यांच्या मागावरचे सिंह व तरस सहसा दिसतातच. काळा गेंडा मात्र नशिबाचा भाग आहे आणि बऱ्याचदा तो दुर्बिणीतून दिसणारा एक करडा ठिपका असतो. हत्ती दिसतात ते बहुधा मोठ्या सुळ्यांचे वयस्कर नर. पिलांसह माद्यांचे कळप काठावरच्या जंगलातच अधिक राहतात.

माझ्या मते पाहुणे झाडांकडे फारच कमी लक्ष देतात. काठावर धुके असते आणि तिथल्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या-हिरव्या दाढ्या म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्याच जातकुळीतले लायकेन होत. उतरताना कोरड्या उतारावर आपल्या त्रिधारी निवडुंगाच्या कुळातील, पण चांगले वृक्षाएवढे वाढलेले युफोर्बिया दिसतात. तळाशी लेराईच्या जंगलात बाभळीच्या कुळातील पिवळ्या खोडांची झाडे आहेत. तिथे सहलीच्या थांब्यावर गाडीतून उतरता आले, तर खोडावर अंगठा घासून पाहा: पिवळी भुकटी बोटाला लागते आणि खाली हिरवी साल दिसते, जी पानांप्रमाणेच प्रकाशसंश्लेषण करते. यातील बरीच झाडे वाळलेली आढळतील. जमिनीतील वाढलेला खार आणि हत्तींनी सोललेली साल ही त्याची मुख्य कारणे मानली जातात.

मगादी या खाऱ्या सरोवरावर रोहित पक्षी असतात, त्यांत धाकटा रोहित अधिक. ठाण्याच्या खाडीत हजारोंनी येतो तो हाच. पाणी आटले, की त्यांची संख्या रोडावते.

जेवण शक्यतो गाडीतच करावे. उघड्यावरच्या थांब्यांवर घारी टपून असतात आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातातील सँडविच त्यांनी पहिला घास घेण्याआधीच गेले.