एवेंकी लोक रेनडिअर कशासाठी पाळतात?

मांसासाठी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण सैबेरियाच्या तैगा जंगलातले एवेंकी पाळलेला रेनडिअर सहसा कापत नाहीत. मांसासाठी रानातली शिकार असते. रेनडिअर लागतो तो बसायला, ओझं वाहायला आणि दुधाला. त्याची पाठ नाजूक, म्हणून खोगीर मध्यावर न ठेवता पुढे खांद्यांवर ठेवतात. उन्हाळ्यात डास जनावरांना हैराण करतात, तेव्हा माणसं धुनी पेटवतात आणि कळप आपणहून धुरात येऊन उभा राहतो. मला हा विश्वास फार हृद्य वाटतो. जनावरांचा हिवाळी चारा म्हणजे आपल्या दगडफुलासारखं लायकेन. ते संपलं की मुक्काम हलतो. ‘शामन’ (आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक) हा जगभर पोचलेला शब्दही एवेंकींची बोली ज्या तुंगुसी गटात येते, त्याच भाषांमधला.